व्ही-क्रॉसचं नाक थोडं उचलायचंय: स्प्रिंग, स्पेसर की ब्लॉक? अन् मागचं काय करू?

अंबडचा_मोसंबीवाला
रामराम मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, २०१९ चं मॉडेल. सस्पेन्शन सगळं कंपनीचंच. रिकामी असली की शेपूट वर अन् नाक खाली. मला ती सपाट दिसायला पाहिजे, वरून ४० मिमीच्या आसपास उंची वाढली तर पांदीत (शेतरस्त्यात) बरं. उगं टांगून ठेवायची नाही.

वापर: एरवी रिकामी, नाहीतर स्प्रे पंप अन् खताच्या दोन-चार बॅगा. मोसंबीच्या हंगामात २५०-३०० किलो क्रेट, अंबडहून जालना मोंढा.

चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप: पुढं डावीकडं ४८० मिमी, ड्रायव्हरकडं ४७४. मागं दोन्हीकडं ५३०. म्हणजे फरक ५० चा. गॅरेजवाला म्हणतो पुढं ५० मिमीचा स्पेसर (स्प्रिंगपाशी बसणारी जाड चकती) टाका, अर्ध्या दिवसाचं काम. टाकू का?

लातूरी_हिसका
५० चा स्पेसर टाकला तर ५० नाही, ऐंशी-नव्वद उचलंल. गॅरेजवाल्याला आधी चहा पाजा, स्पेसर नंतर.

शेंद्रा_टूलरूम
लातूरकर बरोबर बोललेत. कारण लिहितो, म्हणजे नुसतं मानायला नको.

व्ही-क्रॉसला पुढं डबल विशबोन आहे, म्हणजे चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली आहे. हा स्ट्रट खालच्या आर्मला टोकाला नाही, आतल्या बाजूला जोडलेला असतो. त्यामुळं स्ट्रट १ मिमी लांब झाला की चाक साधारण दीड ते दोन मिमी खाली जातं. म्हणून चाकापाशी ४० मिमी हवे असतील तर स्पेसर २०-२५ चा लागतो. विकणारे कधी स्पेसरची जाडी सांगतात, कधी मिळणारी उंची सांगतात. घेताना हा प्रश्न पहिला विचारा.

स्पेसर दोन जातीचे. एक स्ट्रटच्या डोक्यावर बसतो, स्प्रिंगला हात लागत नाही. दुसरा स्प्रिंगच्या वरच्या पेल्यात बसतो आणि स्प्रिंग आधीच दाबून ठेवतो. उंची दोन्हीनं सारखीच मिळते, दुखणी वेगळी. डोक्यावरचा टाकला की चाक मोकळं लटकल्यावर पहिल्यापेक्षा खाली जातं, वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो आणि ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाकाकडं ताकद नेणारा वाकता सांधा) वाकड्या कोनात फिरतो. वरून खड्ड्यात चाक पूर्ण दाबलं गेलं की चेसिसचा रबर स्टॉपर टेकायच्या आधीच शॉकअप आतल्या आत ठोकतो, कारण स्टॉपर आहे तिथंच आहे आणि स्ट्रट लांब झालाय. पेल्यातल्या स्पेसरला ही अडचण नाही, पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते. गतिरोधक उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो, तो शॉकअप पूर्ण ताणल्याचा.

आणि हे काम चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कुणालाही करू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर राहत नाही.

पाटेवाला_जालना
मालक, तुमचा ५० चा फरक खरा नाही. पुढच्या अन् मागच्या मडगार्डची कमान एका उंचीवर कापलेली नसते. चाकाच्या मध्यापासूनचं माप आधी-नंतरची तुलना करायला उत्तम, पण गाडी किती तिरकी आहे ते त्यातून कळत नाही.

असं करा. चारी टायरची हवा सारखी, टाकी अर्धी, मागं काही नाही, सिमेंटची सपाट जागा. पुढं-मागं चार-सहा वेळा दाबून सोडा, मग गाडी दोन मीटर पुढं ढकलून थांबवा, म्हणजे चाकं मोकळी बसतात. दारांखालच्या उंबऱ्यावर दीड मीटर अंतराच्या दोन खुणा करा अन् दोन्हीकडून जमिनीपर्यंतचं माप घ्या.

दुसरं माप: २० किलोचे दहा क्रेट बरोबर मागच्या ॲक्सलवर ठेवा अन् मागचं किती बसतंय ते बघा. ही दोन मापं टाकल्याशिवाय मागचा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) कुठला घ्यावा हे कुणी सांगितलं तर तो अंदाजपंचे.

नांदेडी_डिझेल
कशाला एवढा अभ्यास? मागं हात लावू नका, पुढं २० चा चांगल्या कंपनीचा डोक्यावरचा स्पेसर टाका, अलायमेंट करा, विषय मिटला. स्टॉपर लवकर टेकावा म्हणून त्याच्याखाली १५-२० ची पॅकिंग द्या. लाखाच्या घरातली किट सगळ्यांना परवडत नाहीत.

शेंद्रा_टूलरूम
@नांदेडी_डिझेल स्टॉपरला पॅकिंग दिली तर माझी अर्धी तक्रार मिटते, हे मान्य. पण नव्वद टक्के गॅरेजवाले ती देत नाहीत. आणि जुनी बसलेली स्प्रिंग स्पेसरवर चढवली तर ती आणखी बसायची थांबत नाही.

गोदाकाठ
एक विचारायचं राहिलं. उंची पांदीसाठी पाहिजे म्हणता, तर खाली नेमकं काय लागतंय? फूटबोर्ड, पुढचं बंपर, की मागचा डिफरन्शियलचा गोळा?

कारण सस्पेन्शननं चेसिस अन् बॉडी वर जाते, मागचा गोळा जिथल्या तिथं राहतो. तो ॲक्सललाच आहे, अन् ॲक्सल टायरवर. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदीत मधला उंचवटा बहुतेक गोळ्यालाच लागतो. त्याला उपाय एकच, मोठा टायर. अन् त्यात तरी किती? कंपनीचा २५५/६० आर १८ साधारण ७६३ मिमी उंच, २६५/६० घेतला तर ७७५. म्हणजे गोळ्याखाली फक्त ६ मिमी वाढली. अन् काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरला की उंच गाडीही जागेवर चाकं फिरवीत बसते. तिथं पॅटर्न कामाला येतो, उंची नाही.

बालाघाटी
वापसा झाल्याशिवाय पांदीत घालूच नये, हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट किट आहे 😄

अंबडचा_मोसंबीवाला
गोदाकाठ भाऊ, गोळा नाही, फूटबोर्ड अन् पुढचं बंपर घासायलंय. म्हणजे सस्पेन्शनच.

मापं घेतली. उंबऱ्यावर १५०० मिमी अंतरात १८ मिमीचा फरक, मागं जास्त. दहा क्रेट ठेवले की मागचं २२ मिमी बसतंय.

पाटेवाला_जालना
आता बोलता येतं. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर) ३०९५ मिमी. दीड मीटरला १८, तर पुढच्या-मागच्या चाकांत ३७. खरा उतार ५० नसून ३७ आहे.

२०० किलोला २२, म्हणजे १०० किलोला ११, अन् ३०० किलोला ३३. कंपनीनं ३७ चा उतार ठेवलाय तो याचसाठी: भरली की गाडी जवळजवळ सपाट होते, वर ४ मिमी शिल्लक. तुम्ही नुसतं पुढचं ४० उचललं तर रिकाम्या गाडीचं नाक ३ मिमी वर, दिसायला सपाट. अन् मोंढ्याला निघाली की ३६ मिमी नाक वर. शेपूट टेकलेल्या बैलगाडीसारखी. समोरच्याच्या डोळ्यात लाइट, अन् पुढच्या चाकांवरचा भार घटल्यामुळं स्टेअरिंग हलकं.

तेव्हा रिकाम्या गाडीला १५-२० मिमी शेपूट वर राहू द्या.

कोर्टरोड_बीड
मध्येच कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती अन् निर्मात्यानं मुळात दिलेली वैशिष्ट्यं यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. काम करायच्या आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. पुढं लोखंडी बुलबार लावायचा विचार असेल तर सोडा, २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं त्यावर कारवाईचे आदेश राज्यांना दिलेत.

लातूरी_हिसका
वकीलसाहेब आले की धाग्यातले निम्मे लोक गाडी झाकून ठेवतात.

शेंद्रा_टूलरूम
बुलबार नको हे स्प्रिंगच्या दृष्टीनंही महत्त्वाचं. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, डॉबिन्सन्स या ऑस्ट्रेलियन कंपन्या डी-मॅक्सची किट बनवतात आणि पुढच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे वेगवेगळ्या देतात: बंपर कंपनीचाच असेल तर एक, लोखंडी बार असेल तर दुसरी, बार आणि विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) दोन्ही असेल तर तिसरी. दुकानदार हाताला लागेल ती कडक स्प्रिंग गळ्यात मारतो. बार नसलेल्या गाडीला बारवाली स्प्रिंग टाकली की पुढचं ४० ऐवजी ५५-६० उचलतं आणि डांबरी रस्त्यावरही दात वाजतात. पार्ट नंबरवरून वजनाचा गट तपासा, मगच पैसे द्या.

४० मिमीपर्यंत मूळ वरचे आर्म चालतात. पन्नासच्या पुढं गेलात तर कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा पुढं-मागं कल) सावरायला वेगळे वरचे आर्म लागतात, सीव्ही जॉइंटचे बूट फाटायला लागतात, मग पुढचा डिफरन्शियल खाली घ्यायचे स्पेसर... एकामागून एक. शिवाय डिफरन्शियल खाली घेतला की मिळवलेली उंची तिथं परत गेली.

वसमतचा_हळद्या
मागं ब्लॉक टाकला तर? पाटा अन् ॲक्सलच्या मध्ये २५ चा ठोकळा, लांब यू-बोल्ट, काम खलास. पाटा तोच, म्हणून रिकामी गाडी कडक होत नाही.

पाटेवाला_जालना
@वसमतचा_हळद्या २५ चा ब्लॉक मागच्या ॲक्सलला वाईट नाही. पण अटी ऐका. ठोकळा ओतीव किंवा भरीव लोखंडाचा, खाली पिन अन् वर भोक, सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध धरणाऱ्या बोल्टचं) डोकं त्यात नीट बसलं पाहिजे. एकावर एक दोन ठोकळे कधीच नाही. यू-बोल्ट नवेच, जुने एकदा ताणले गेलेले असतात. चारी नट एकाआड एक, तीन टप्प्यांत आवळायचे अन् ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. आपल्याकडं हे दुसऱ्यांदा आवळायला कुणी येत नाही, मग सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. तशी गाडी मागून बघा, खेकड्यासारखी तिरकी चालत असते.

ब्लॉकचा खरा तोटा असा की ॲक्सल पाट्यापासून लांब गेला की जोरात उचल घेताना तो पाट्याला पिळतो. अन् मोसंबीवाल्यांना ब्लॉकनं उंची मिळंल, पण ३०० किलोला ३३ बसायचं ते बसणारच.

ज्या गाड्यांना पुढंही पाटेच आहेत त्यांनी हे वाचून पुढं ब्लॉक टाकू नये. स्टेअरिंगच्या ॲक्सलला ठोकळा म्हणजे जिवाशी खेळ.

गोदाकाठ
लांब शॅकलही (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी कडी) नको. शॅकल ४० नं लांब केला की उंची २० मिळते, निम्मीच. ॲक्सल थोडा फिरतो, डिफरन्शियलचं तोंड वर होतं, प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो अन् सुटताना गाडी थरथरते. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगला पट्टी देऊन तो खाली घ्यावा लागतो. वळणावर मागचं डोलतं ते वेगळंच.

नांदेडी_डिझेल
मग मागं एअरबॅग, म्हणजे हवेची स्प्रिंग. रिकामी असली की हवा कमी, माल भरला की वाढवा.

शेंद्रा_टूलरूम
सोय चांगली आहे, पण वजनाचा रस्ता बदलतो. पाटा वजन पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला वाटून देतो. एअरबॅग तेच वजन ॲक्सलच्या वर चेसिसच्या एकाच जागी देते. डबल कॅबला बराच माल ॲक्सलच्या मागं लटकतो, त्यामुळं जास्त हवा भरून खड्ड्यात आपटली की चेसिस तिथंच वाकतो. ३०० किलोसाठी तर नकोच.

उदगीरची_गिअरबाई
सगळे पाट्यावर अडकलेत, मी ब्रेकचं सांगते. ज्या पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडी जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही, तो चेसिस अन् ॲक्सलमधल्या अंतरावरून ओळखतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. मागचं उचललं की त्याला वाटतं गाडी कायम रिकामी. मग मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी जातो, भरलेली असतानाही. दांडीचा ब्रॅकेट जेवढी उंची वाढवली तेवढा सरकवून घ्यायचा. गाडीखाली वाकून हा व्हॉल्व्ह आहे का ते आधी बघा.

दुसरं, मागचा ॲक्सल जॅकवर पूर्ण लटकवून ब्रेकचा होज, एबीएसची वायर अन् हँडब्रेकची केबल ताणली जाते का ते हातानं तपासा. गाडी उभी असताना सगळं ढिलंच दिसतं.

बालाघाटी
ताई, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

उदगीरची_गिअरबाई
व्हिडिओत गाडी वर गेलेली दाखवायची असते दादा, थांबलेली नाही.

अंबडचा_मोसंबीवाला
बरं, म्हणजे पुढं ४० ची बिगर-बारवाली स्प्रिंग अन् तिचेच शॉकअप. मागं काय? जालन्यात पाट्याला कमान मारून मिळते म्हणतात, स्वस्तात.

पाटेवाला_जालना
कशी मारतात त्यावर आहे. थंड पाटा प्रेसवर किंवा घणानं थोडाथोडा वाकवला तर १५-२० मिमी मिळतात, काही काळ टिकतात. भट्टीत लाल करून कमान दिली अन् जमिनीवर टाकून गार केला तर पाट्याचं पाणी गेलं. स्प्रिंगचं पोलाद ८५०-८८० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं अन् मग ४५० च्या आसपास पुन्हा तापवायचं, तेव्हा त्याला लवचीकपणा येतो. ते भट्टी अन् मीटर असलेल्या कारखान्याचं काम. रस्त्याकडंच्या भात्यावर लाल केलेला पाटा एकतर महिन्यात बसतो, नाहीतर तडकतो. अन् पाट्यावर वेल्डिंगचा एक ठिपकासुद्धा नको.

तुमच्यासाठी माझं मत: मूळ पाटे ठेवा, मेन पाट्याच्या खाली एक लांब पाटा वाढवा. रुंदी व्हर्नियरनं मोजून तेवढीच, सेंटर बोल्टचं भोक जुळणारं. कबाडातला नको, नवाच. कमान अशी मागा की रिकामी गाडी २२ च्या आसपास उचलेल. चार पाट्यांत एक वाढला की कडकपणा साधारण चौथाईनं वाढतो, म्हणजे ३०० किलोला ३३ ऐवजी २६ बसंल.

हिशोब बघा. रिकामी: ३७ मधून ४० गेले, २२ आले, मागं १९ वर. भरलेली: १९ मधून २६ गेले, नाक ७ मिमी वर. दिसणारही नाही. रिकामी असताना मागून थोडी उडंल, तेवढं सोसा. पाट्यांच्या टोकांत घासण्याच्या पट्ट्या टाका, नाहीतर करकर करंल. मागचे शॉकअपही वाढलेल्या उंचीला पुरतील एवढे लांब पाहिजेत, २०-२५ पर्यंत बहुधा जुने चालतात, ॲक्सल लटकवून खात्री करा.

नांदेडी_डिझेल
रिकामी असताना आठवड्याचे बरेच दिवस उडत राहणार, अन् हंगाम चार महिन्यांचा. मला नाही पटत. मी २५ चा ब्लॉकच म्हणेन अन् भरल्यावर हेडलाइट खाली घ्यायचा नॉब फिरवा.

पाटेवाला_जालना
ठीक आहे, तोही मार्ग आहे. मोसंबीवाल्यांच्या कमरेवर सोडू.

अंबडचा_मोसंबीवाला
कंबर अजून शाबूत आहे, पाटाच टाकतो. ड्रायव्हरकडं ६ मिमी कमी आहे त्याचं?

शेंद्रा_टूलरूम
ड्रायव्हरकडच्या स्ट्रटवर ५ मिमीचा पॅकर, म्हणजे पातळ स्पेसर. चाकापाशी ८-९ मिळतील, ६ पेक्षा जास्त, पण तुम्ही आत बसलात की बरोबर होईल.

फिटिंगच्या वेळी उभं राहून एवढं बघा: खालच्या आर्मचे आणि पाट्याच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावायचे. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. लटकत्या गाडीवर आवळले तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि मापंही चुकीची येतात.

अलायमेंट म्हणजे नुसतं टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली) नाही. उचलल्यावर कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) बाहेर झुकतो, कॅस्टर कमी होतो. कॅस्टर कमी राहिला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भटकते. तिन्ही मापांची आधीची आणि नंतरची छापील प्रत मागा. ‘झालंय साहेब’ म्हणणाऱ्याला छापून दे म्हणा.

उदगीरची_गिअरबाई
अन् हेडलाइट. पुढचं ४०, मागचं २२, म्हणजे १८ मिमीनं नाक वर. दहा मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची रेघ जवळजवळ ६ सेंटिमीटर चढते, वर दिवा स्वतःच ४ नं उंच झालेला. काम करायच्या आधी भिंतीवर रेघेची खूण करा, दिव्याच्या मध्यापासून ती किती खाली आहे ते लिहून ठेवा, नंतर स्क्रूनं तेवढीच खाली आणा. नॉब शून्यावर ठेवून हं. ३०० किलो भरले की रेघ अजून ८ सेंटिमीटर वर जाते, त्यासाठी नॉब.

बीड_बायपास
शॉकअप कडक घ्यावेत का मऊ? माझीपण हीच गाडी आहे.

शेंद्रा_टूलरूम
स्प्रिंगच्या किटमधलेच. स्प्रिंग एकाची, शॉकअप दुसऱ्याचे असं जोडलं की स्प्रिंग परत येते तो वेग शॉकअपला आवरत नाही किंवा जास्तच आवरतो. आणि आधी तुमची मापं टाका. उंबऱ्याची दोन, क्रेटचं एक.

बीड_बायपास
माझ्याकडं क्रेट नाहीत.

लातूरी_हिसका
सासुरवाडीची माणसं बसवा. फक्त वजन खरं विचारून घ्या.